अॅबट सॅमसन : मेलेल्या राजाचा वहिवाटदार

पारावरचा :

इंग्लंडात सफक परगण्यात बरी सेंट एडमंड्स नावाचं गाव आहे. बाराव्या शतकात तिथे जाऊन 'गाव कुणाचं?' असं विचारलं असतं, तर मठातल्या कुणीही एकच उत्तर दिलं असतं : एडमंडचं. आणि एडमंड तर ८६९ मध्येच डेन लोकांच्या हातून मेला होता.

पूर्व अँग्लियाचा हा राजा मेल्यावर संत झाला. त्याच्या समाधीवर लोक लोटू लागले. १०२० मध्ये कन्यूट राजाने तिथे बेनेडिक्टीन पंथाचे मठवासी आणून बसवले आणि पुढे पश्चिम सफकचा सगळा मुलूख मठाच्या अखत्यारीत गेला. राजाचा शेरीफ तिथे ढवळाढवळ करू शकत नसे. न्यायनिवाडा, बाजार, जकात, गिरण्या सगळं मठाकडे. पण कागदोपत्री मालक एडमंड, आणि मठाधिपती म्हणजे अॅबट त्याचा वहिवाटदार. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा, कारण सॅमसन (११३५–१२११) या माणसाच्या सगळ्या वागण्याची किल्ली मला इथेच सापडते.

त्याच्याबद्दल आपल्याला इतकं कळतं ते ब्रेकलंडच्या जोसेलिनमुळे. जोसेलिन ११७३ मध्ये मठात आला, पुढे सॅमसनचा खासगी धर्मगुरू झाला आणि काही वर्षं रात्रंदिवस त्याच्यासोबत राहिला. त्याने लॅटिनमध्ये मठाचा वृत्तान्त लिहिला. स्तुती आहेच, पण आमच्या अॅबटला जरा सर्दी झाली की घसा बसतो, हेही त्याने लिहून ठेवलंय. असा बखरकार मिळायला नशीब लागतं.

जोसेलिन आला तेव्हा ह्यू नावाचा म्हातारा अॅबट होता. डोळे अधू, माणूस भला, कारभार हाताबाहेर गेलेला. जो तो अधिकारी आपापला शिक्का मारून कर्ज काढत होता. एका दुरुस्तीसाठी ४० मार्क व्याजाने घेतले (एक मार्क म्हणजे दोन तृतीयांश पौंड), ते फिटले नाहीत, खत नवं झालं, परत नवं झालं, आणि शेवटी ८८० पौंडांचा रोखा, दरसाल ८० पौंड हप्ता. तरुण जोसेलिनने सॅमसनला विचारलं, तुम्ही हे सगळं बघता आणि गप्प कसे बसता? सॅमसन म्हणाला, बाळा, पोळलेलं पोर विस्तवाला भितं. मठाच्या भल्यासाठी तोंड उघडलं म्हणून त्याला एकदा कैद करून ॲकरच्या मठात हद्दपार केलं होतं.

११८० मध्ये ह्यू कँटरबरीच्या यात्रेला निघाला, वाटेत घोड्यावरून पडला, गुडघा निखळला आणि त्या दुखण्यातच गेला. मग सव्वा वर्ष गादी रिकामी. या काळात मठात काय कुजबुज चालायची, ते जोसेलिनने चवीने दिलंय. ठरावीक दिवसांनी मठवाशांचं रक्त काढायची पद्धत होती आणि त्या विश्रांतीच्या दिवसांत नियम सैल असत. तेव्हा गप्पांना ऊत येई. अमका व्यवहारी आहे. तमका विद्वान आहे, पण विद्वानांपासून देवा वाचव. आणि सॅमसनबद्दल काय, तर 'नॉर्फकच्या भांडखोरांपासून आमचं रक्षण कर'. तो मूळचा नॉर्फकमधल्या टॉटिंग्टनचा.

फेब्रुवारी ११८२ मध्ये दुसऱ्या हेन्रीने तेरा जणांना वॉल्थमला बोलावलं. त्या तेरांत सॅमसन सगळ्यात मागे, खर्चाची थैली सांभाळणारा, गळ्यात पत्रांची पेटी, हातावर झगा, जणू सगळ्यांचा गडी. मोहोरबंद चिठ्ठीत तीन नावं होती, त्यात पहिलं त्याचं. राजाने आणखी नावं मागवली, इकडची काढली, तिकडची घातली, शेवटी पुन्हा सॅमसनच उरला. राजा म्हणाला, मी याला ओळखत नाही, पण तुमची मर्जी. चुकलात तर गाठ माझ्याशी आहे. सॅमसन राजाच्या पाया पडला, चटकन उठला आणि ताठ मानेने स्तोत्र म्हणत वेदीकडे चालू लागला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ते बघून राजा बाजूच्यांना म्हणाला, या माणसाला आपण मठ सांभाळायला लायक आहोत असं वाटतंय!

तेव्हा वय ४७. मध्यम उंची, टक्कल पडत आलेलं, नाक पुढे आलेलं, ओठ जाड, डोळे आरपार बघणारे, तांबूस दाढीत तुरळक पांढरे केस. पुढच्या चौदा वर्षांत सगळं डोकं बर्फासारखं पांढरं झालं, असं जोसेलिन नोंदवतो.

त्याने गादीवर आल्यावर काय केलं? सभेत फर्मान काढलं की ज्याच्याकडे म्हणून शिक्का आहे त्याने तो आणून द्यावा. निघाले तेहेतीस! एका मठात तेहेतीस माणसं स्वतंत्रपणे कर्ज काढू शकत होती. यापुढे एका पौंडावरचं कर्ज प्रायर (मठातला अॅबटखालचा अधिकारी) आणि सभेच्या संमतीशिवाय काढायचं नाही. मग गावोगाव फिरून प्रत्येक कुळाकडून काय येणं आहे याची मोजदाद करून घेतली, एक वही तयार केली. ती तो रोज बघायचा. आरशात तोंड बघावं तशी, असं जोसेलिन म्हणतो.

आणि आता माझा लाडका प्रसंग. हर्बर्ट नावाच्या एका म्हाताऱ्या डीनने (चर्चचा एक अधिकारी) गावालगत हॅबरडनवर पवनचक्की उभारली. इंग्लंडातल्या पवनचक्क्यांच्या अगदी सुरुवातीच्या उल्लेखांपैकी हा एक. अॅबटला कळलं आणि रागाने त्याच्या घशाखाली घास उतरेना. दुसऱ्या दिवशी सुतारांना हुकूम : जा, चक्की उतरवा आणि लाकूड नीट ठेवा. हर्बर्ट धावत आला. म्हणाला, वारा काय कुणाच्या बापाचा आहे? (शब्द माझे, आशय त्याचा.) मी फक्त माझं धान्य दळणार, शेजारच्या गिरण्यांचं नुकसान करणार नाही. सॅमसन म्हणाला, तुझे आभार मानतो, माझे दोन्ही पाय तोडले असतेस तर मानले असते तसेच! ती चक्की पडेपर्यंत मी भाकरीला शिवणार नाही. तू म्हातारा झालास, तुला एवढं कळायला हवं होतं की या हद्दीत राजालासुद्धा आमच्या संमतीशिवाय काही बांधता येत नाही. आणि नुकसान नाही म्हणतोस? गावकरी तुझ्याकडे दळायला येतील, ते स्वतंत्र लोक, त्यांना मी शिक्षाही करू शकणार नाही. हर्बर्ट थरथरत बाहेर पडला, मुलाशी बोलला आणि अॅबटची माणसं पोचायच्या आत त्याने स्वतःच चक्की पाडली. माणसं गेली तेव्हा पाडायला काही शिल्लकच नव्हतं.

हा लोभ नव्हता, असं माझं मत आहे. त्याच्या लेखी ती एडमंडच्या जमिनीवरची घुसखोरी होती. बोला आता.

---

शेवंता :

मस्तच लिहिलंय! आरपार बघणारे डोळे आणि बसलेला घसा, माणूस उभा राहिला. पण मला एक कळलं नाही. हा देवधर्म कधी करायचा?

पारावरचा :

@शेवंता, करायचा, पण त्याचा पिंड तो नव्हता. जोसेलिन सरळच लिहितो की त्याला ध्यानापेक्षा कामाचा सोस जास्त, आणि नुसत्या चांगल्या मठवाशापेक्षा चांगल्या अधिकाऱ्याचं तो अधिक कौतुक करी. तो पॅरिसला शिकला होता. एक धर्मगुरू तीर्थजल विकून मिळालेल्या पैशांतून त्याचा खर्च भागवायचा. सॅमसनने ते आयुष्यभर लक्षात ठेवलं आणि पुढे उपकार फेडले. एकदा म्हणाला, वर्षाला पाच-सहा मार्कांची सोय असती तर शिकतच राहिलो असतो, मठात आलोच नसतो. एकदा म्हणाला, अॅबट होण्यापेक्षा ग्रंथ सांभाळणारा झालो असतो तर बरं झालं असतं. गावातल्या शाळेतल्या गरीब मुलांना जागेच्या भाड्यासाठी पैसे भरावे लागत, तर याने दगडी घरं विकत घेऊन शाळेला दिली आणि तो पैसा बंद केला.

व्रतंही होती. ११८७ मध्ये जेरुसलेम पडल्याची बातमी आली तेव्हापासून त्याने आत केसाळ टोचरं वस्त्र घालायला सुरुवात केली आणि मांस सोडलं. तरी पानात मांस वाढायला लावायचा, म्हणजे भिकाऱ्यांना उरलेलं जास्त जाईल. स्वतःला आवडायचं काय, तर दूध, मध, गोडधोड.

टवाळखोर :

मांस सोडलं, गोड खाल्लं, शिक्के जप्त केले, वही रोज तपासली. हा अॅबट नाही, आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे.

बखरवाला :

उत्तम धागा. थोडी भर घालतो.

सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या नियमावलीत ७३ प्रकरणं आहेत आणि त्यातला बराच मजकूर चक्क कारभाराचा आहे. कोठाऱ्याने मठातलं प्रत्येक भांडं, प्रत्येक हत्यार वेदीवरच्या पवित्र पात्रासारखं जपावं, असं ३१व्या प्रकरणात आहे. तेव्हा हिशेबाची वही उघडणं म्हणजे धर्म सोडणं असं त्या काळच्या मठवाशाला वाटायचं कारण नव्हतं. मठाधिपतीबद्दल मात्र बेनेडिक्ट पुनःपुन्हा बजावतो की त्याला देवापुढे प्रत्येक आत्म्याचा जाब द्यायचा आहे.

तुमच्या 'वहिवाटदार' शब्दाशी सहमत. आपल्याकडच्या देवस्थान इनामासारखंच आहे हे. सातबारावर नाव देवाचं, जमीन बघणारा पुजारी. आणि विकायची वेळ आली की 'देवाची आहे' हे आठवतं.

चिकित्सक :

लेख छान, पण धागाकर्त्याने सोयीस्कर गाळलेलं मी लिहितो. ११९० मध्ये पाम संडेच्या दिवशी (ईस्टरआधीचा रविवार) याच गावात ज्यूंची कत्तल झाली. ५७ माणसं मारली गेल्याची नोंद आहे. आणि त्याच वर्षी तुमच्या या लाडक्या खजिनदाराने राजाकडून परवानगी मिळवून उरलेल्या ज्यूंना गावाबाहेर काढलं. परत येणाऱ्याला किंवा त्यांना घरात घेणाऱ्याला बहिष्काराची धमकी. पवनचक्कीवर हसताय तर यावरही बोला.

पारावरचा :

@चिकित्सक, बोलणारच होतो, आणि गाळण्यासारखं ते मुळीच नाही. सॅमसनने राजापुढे मांडलेला युक्तिवाद बघा. गावात आणि गावाच्या हद्दीत जे काही आहे ते हक्काने एडमंडचं आहे. म्हणून ज्यूंनी एकतर एडमंडची माणसं व्हावं, नाहीतर गाव सोडावं. (इंग्लंडातले ज्यू थेट राजाच्या ताब्यातले मानले जात, मठाच्या नव्हे.) पवनचक्कीच्या वेळी वापरलेलं वाक्य आणि हे वाक्य एकाच साच्यातलं आहे. फरक एवढाच की चक्कीचं लाकूड होतं, इथे बायकापोरं होती, आणि त्यांच्यावर महिन्यांपूर्वीच काय गुदरलं होतं ते सगळ्या गावाने पाहिलं होतं. त्यांना जंगम मालमत्ता आणि घरांची किंमत घेऊन जाऊ दिलं, सोबत संरक्षण दिलं, हे खरं. त्याने काही धुतलं जात नाही.

जोसेलिन तर हे काम अॅबटच्या सद्गुणांच्या यादीत घालतो, मिल्डनहॉलची जहागीर परत मिळवणं आणि बॅबवेलला रुग्णालय काढणं यांच्या रांगेत. कत्तलीबद्दल तो अवाक्षर काढत नाही. ज्याला अॅबटच्या भुवया आठवतात त्याला ५७ प्रेतं आठवत नाहीत. जोसेलिन मला आवडतो, पण इथे त्याचा राग येतो.

चिकित्सक :

हे मूळ लेखात हवं होतं. त्यात भर : या कत्तलीच्या नऊ वर्षं आधी, ११८१ मध्ये, रॉबर्ट नावाचा एक लहान मुलगा मेला आणि ज्यूंनी त्याला मारल्याची कंडी पिकली. त्या मुलाला याच मठाच्या चर्चमध्ये पुरलं आणि 'हुतात्मा' ठरवलं. सॅमसन तेव्हा अॅबट नव्हता, पण मठातच होता. शिवाय मठ ज्यू सावकारांच्या कर्जात बुडालेला. या सगळ्याची बेरीज करायला इतिहासकार व्हावं लागत नाही.

पारावरचा :

सहमत. एक शब्दही खोडण्यासारखा नाही.

शेवंता :

विषय जड झाला, पण बरं झालं निघाला. 'मालक एडमंड' हे सॅमसनला मनापासून वाटायचं की सोयीपुरतं? @बखरवाला यांच्या देवस्थानाच्या चिमट्यावरून विचारतेय.

पारावरचा :

मनापासून. याला दोन पुरावे आहेत.

पहिला : पुढे 'सिंहहृदयी' म्हणून गाजलेला रिचर्ड राजा जर्मनीत कैदेत पडला. खंडणीसाठी इंग्लंडातल्या चर्चांची सोन्याचांदीची भांडी वितळवली जात होती. एडमंडच्या समाधीवरचा पत्रा काढायची वेळ आली. सॅमसन न्यायाधीशांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या संमतीने हे कधीच होणार नाही. पण मी चर्चचे दरवाजे उघडे ठेवतो. ज्याची छाती असेल त्याने आत जावं आणि घ्यावं. एकेक न्यायाधीश शपथ घेऊन म्हणाला, मी नाही जाणार. एडमंड दूरच्यांनाही सोडत नाही, अंगावरचा कपडा काढणाऱ्याचं काय करील! पत्रा वाचला. आणि हाच सॅमसन स्वतः भेटी घेऊन जर्मनीला रिचर्डला भेटून आला, म्हणजे राजाशी वैर नव्हतं.

दुसरा पुरावा जास्त खोल आहे. ऑक्टोबर ११९८ मध्ये रात्री समाधीपाशी मेणबत्ती पडून आग लागली. संताच्या देहाला काही झालं नाही, पण गावभर नको त्या वावड्या उठल्या. नोव्हेंबरमध्ये समाधीची डागडुजी चालू असताना सॅमसनने ठरवलं की आपण स्वतः बघायचं. मठ झोपल्यावर मोजके लोक घेऊन त्याने पेटी उघडली. रेशमाचे, तागाचे थर बाजूला केले. शेवटच्या कापडाच्या आत त्याला हात घालायचं धाडस होईना. डोकं दोन्ही हातांत धरून तो कण्हत म्हणाला, हुतात्म्या, मी पापी तुला हात लावतोय, याने माझा नाश करू नकोस. मग डोळे चाचपले, नाक चाचपलं (ते बरंच मोठं होतं, असं नोंदवलंय), छाती, दंड. डावा हात उचलून संताच्या बोटांत आपली बोटं गुंफली. खाली सरकत पायांपर्यंत गेला. पाय ताठ उभे होते. त्याने पायांची बोटं मोजली.

मोजली! शिक्के मोजणारा, कुळं मोजणारा हा माणूस संताच्या पायाची बोटंसुद्धा मोजतो. मालकाची मालमत्ता पूर्ण आहे ना, याची खात्री. आणि त्याच वेळी तो भीतीने अर्धमेला झालेला आहे. ढोंगी माणूस हे करत नाही.

जोसेलिन त्या मोजक्यांत नव्हता. पण एक मठवासी छपरात चढून वरून बघत होता. दुसऱ्या दिवशी आपल्याला बोलावलं नाही म्हणून बाकीचे रडले.

निमिष :

बोटं मोजली!! दंडवत घ्या.

हा बालपणापासून असा होता का? म्हणजे मठात येण्याआधी एडमंडशी काही संबंध?

पारावरचा :

@निमिष, नऊ वर्षांचा असताना त्याला स्वप्न पडलं की आपण एका दफनभूमीच्या दारात उभे आहोत, सैतान हात पसरून धरायला येतोय, आणि एडमंडने उचलून घेतलं. 'सेंट एडमंड, वाचव' असं ओरडत तो जागा झाला. ते नाव त्याने तोवर ऐकलंही नव्हतं म्हणे. आई त्याला बरीला घेऊन आली तर मठाचं दार बघून म्हणाला, आई, हीच ती जागा. ही गोष्ट त्याने स्वतः जोसेलिनला सांगितली.

बखरवाला :

सॅमसन मठवाशांत मात्र फारसा लाडका राहिला नाही, तेही यायला हवं. राल्फ नावाच्या दारवानाचं प्रकरण बघा. मठवाशांनी त्याच्यावर डूख धरून त्याचे वरकड हक्क कापले, अॅबटने ते परत द्यायला लावले, मठवाशांनी चक्क हुकूम झुगारला. अॅबट रागावून आठ दिवस गावाबाहेर गेला. परत यायला तयार नव्हता. म्हणत होता, तुम्ही सुऱ्यांनी मला मारायच्या शपथा घेतल्यात. अखेर दोन्ही बाजू रडल्या, मुके घेतले, मिटलं. आणि त्यानंतर दारवानाचे हक्क हळूच पूर्ववत झाले. गंमत म्हणजे बेनेडिक्टच्या नियमावलीत दारावर कोण ठेवावा यालाही एक अख्खं प्रकरण आहे : शहाणा म्हातारा, ज्याला भटकायची हौस उरलेली नाही. भांडणाचं नाव नाही त्यात.

११९३ मध्ये रिचर्डचा धाकटा भाऊ जॉन बंडाला उठला तेव्हा विंडसरच्या वेढ्यात सॅमसन आपलं निशाण आणि स्वार घेऊन उतरला होता. मठवाशांना तेही रुचलं नाही. उद्या प्रत्येक अॅबटला लढाईवर जावं लागेल, ही भीती. मला तर शेवटची पानं वाचताना जोसेलिनही जरा दुरावलेला वाटतो. कोठाऱ्यावर अॅबटने आपला कारकून नेमला ते त्याला लागलंय.

टवाळखोर :

हा जॉन म्हणजे तोच ना, पुढे मॅग्ना कार्टावाला? त्याने मठाला काय दिलं?

पारावरचा :

तोच. ११९९ मध्ये राज्याभिषेक उरकून नवस फेडायला थेट बरीला आला. मोठी देणगी मिळणार म्हणून मठ आस लावून बसलेला. त्याने एक रेशमी कापड वाहिलं, जे त्याच्या नोकरांनी मठाच्याच भांडारातून उधार घेतलं होतं आणि ज्याचे पैसे आजतागायत आलेले नाहीत, असं जोसेलिन म्हणतो. खाल्लं-प्यालं भरपूर. जाताना प्रार्थनेच्या वेळी तेरा पेनी टाकल्या.

केंब्रिजकर :

मी इथून जवळच राहतो, म्हणून सांगतो. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीने मठ बंद केल्यावर दगड लोकांनी नेले. आता तिथे सार्वजनिक बाग आहे, आत भिंतींचे नुसते गाभे उभे आहेत. मठाच्या चर्चची पश्चिमेकडची भिंत उरली, तर लोकांनी तिच्या कमानींतच घरं बांधली. तिथल्या एका बुरुजाला आजही सॅमसनचं नाव आहे. एडमंडचा देह मात्र मठ बंद झाल्यापासून कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही.

सॅमसन वारला तो ३० डिसेंबर १२११ ला. तेव्हा जॉन आणि पोप यांच्या भांडणामुळे इंग्लंडात धर्मविधींवर बंदी होती, म्हणून त्याला साध्या, अभिषेक न झालेल्या जमिनीत पुरलं. बंदी उठल्यावर १२१४ मध्ये सभागृहात आणलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या सभागृहाच्या अवशेषांत अॅबट लोकांची थडगी सापडली.

केंब्रिजहून बरीला थेट रेल्वे आहे. स्टेशनातून बागेपर्यंत चालत जाता येतं. कुणी येणार असेल तर कळवा, पवनचक्कीची टेकडीही दाखवतो, तिथे चक्की अर्थातच नाही.

शेवंता :

@पारावरचा, कोठाऱ्याच्या हिशेबांवर वेगळा धागा काढा ना. कारकून नेमल्यावर खर्च कमी झाला का?

पारावरचा :

काढतो. त्यात पाहुण्यांचा खर्च कुणी करायचा, अॅबट घरी असताना कुणी आणि नसताना कुणी, यावरची भांडणंही घ्यावी लागतील, आणि तो पसारा इथे मावायचा नाही. तोवर @बखरवाला, तुमच्याकडे नियमावलीतलं कोठाऱ्याचं प्रकरण हाताशी असेल तर त्यावर चार ओळी टाकून ठेवा, तिथून सुरुवात करू.